बारा अपॉस्टल्सचा समुद्रकडा: एका दिवसात उरकावा की मुक्काम करावा?

फळा_खडू
९ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं मेलबर्नला लेकीकडे जातोय. पहिलाच परदेश प्रवास. काय काय बघायचं याची यादी लेकीनं केली आहे, पण त्यात माझी स्वतःची मागणी एकच आहे. पोर्ट कॅम्पबेल राष्ट्रीय उद्यानातला तो समुद्रकडा आणि त्याच्यासमोर पाण्यात उभे असलेले चुनखडीचे सुळके, ज्यांना ट्वेल्व्ह अपॉस्टल्स म्हणतात.

कारण सांगतो. ३१ वर्षं इथं नागपुरात भूगोल शिकवला. सागरी लाटांचं कार्य हा धडा आला की फळ्यावर ठरलेली आकृती. आधी कडा, मग गुहा, मग कमान, मग स्तंभ. चार चित्रं, मध्ये तीन बाण. डोळे मिटून काढू शकतो. आणि मी स्वतः समुद्रकडा म्हणून काही पाहिलेलाच नाही. समुद्र पाहिला तो जुहूचा आणि पुरीचा, दोन्ही सपाट. एकदा मागच्या बाकावरच्या एका पोट्ट्यानं विचारलं, "सर, तुम्ही पाह्यली का कमान?" मी म्हणालो, "पुस्तक उघड."

तर प्रश्न असा की मेलबर्नहून बसनं एका दिवसात जाऊन येतात म्हणे. ते करावं की एक रात्र तिकडं राहावं? सौ.चा उजवा गुडघा कुरकुरतो, जिने फार असतील तर पंचाईत. आणि मे महिन्यात थंडी किती? आमच्याकडे स्वेटर आहे तो नागपूरच्या डिसेंबरचा, म्हणजे नावापुरताच.

—

तर्री_मारके
९ मार्च, रात्री १०:०५

काका, लय भारी! पण तुमी बारा पाहाले चालले अन् तिथं बारा नाहीतच ना बाप्पा. मायी आत्येबहीण जाऊन आली, ती म्हणे आम्ही सातच मोजले. नवरा म्हणे आठ. परत येईपर्यंत भांडून राह्यले होते गाडीत.

—

शंकरनगरी
९ मार्च, रात्री १०:३१

बसनं अजिबात जाऊ नका. मी गेल्या वर्षी केलेला उद्योग सांगतो. सकाळी साडेसातला मेलबर्नहून निघालो, रात्री नऊला परत. तेरा-साडेतेरा तास. त्यात प्रत्यक्ष कड्यावर किती? पन्नास मिनिटं! त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. गाइड सारखा घड्याळ दाखवत होता. खरी जागा आली तोवर अर्धी बस पेंगत होती, कारण सकाळपासून प्रत्येक किनाऱ्यावर उतरा-चढा चाललं होतं. पैसे घेतले भरपूर आणि जेवण म्हणून एक गार रॅप.

नागपूरहून चिखलदऱ्याला सकाळी निघून रात्री परत यायचं, असं कुणी म्हटलं तर आपण त्याला काय म्हणू? अंतर साधारण तेवढंच आहे.

—

पॉइंटकुकची_काकू
१० मार्च, पहाटे ४:५०

इथं सकाळचे सव्वादहा झालेत, म्हणून तुमची पहाट. मी मूळची धरमपेठेतली, इकडे येऊन चौदा वर्षं झाली. पाहुणे आले की कड्यावर नेणं हे माझं खातंच आहे, आतापर्यंत अकरा फेऱ्या.

सर, लेक कुठल्या भागात राहते? पश्चिमेकडे असेल तर शहर ओलांडावं लागत नाही, थेट जिलाँगच्या रस्त्याला लागता. जाताना समुद्राकाठच्या ग्रेट ओशन रोडनं जा आणि येताना आतल्या कोलॅकच्या रस्त्यानं या. आतला रस्ता तीन तासांचा, सरळ, दोन्ही बाजूंना गाई. समुद्राकाठचा वळणावळणांचा, त्याला थांबे धरून अख्खा दिवस द्या. बस लागत असेल त्यांनी पुढे बसा आणि आवळासुपारी जवळ ठेवा.

मुक्काम पोर्ट कॅम्पबेल गावात. अपॉस्टल्सपासून बारा-एक किलोमीटर. गाव एवढंसं आहे, आपल्या रामटेकच्या एका आळीएवढं. पण तिथं राहिलात की संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही मिळतात, आणि या कड्याचं सगळं त्या दोन वेळांतच आहे. संध्याकाळी सूर्य पश्चिमेकडच्या सुळक्यांमागे जातो, ते काळे दिसतात. सकाळी त्यांच्यावरच ऊन पडतं, तेव्हा ते पिवळे-केशरी. बसवाल्यांना भरदुपार मिळते, तेव्हा ते नुसते दगड.

काकूंच्या गुडघ्याचं: मुख्य जागेला जिने नाहीत. गाडी लावली की रस्त्याखालून बोगदा आहे, पलीकडे निघालं की सपाट पायवाट आणि लाकडी कठडे. सावकाश चालत जाता येतं. गिब्सन स्टेप्सला मात्र ८६ पायऱ्या आहेत आणि उतरलं की चढावंही लागतं. तिथं काकूंना वर बसवा.

थंडी: मे महिन्यात दिवसा १४-१५. आकडा फसवा आहे. वारा अंगातून आरपार जातो. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट हवंच, टोपी कानांवरून येणारी. छत्री आणू नका, उलटी होते.

—

फळा_खडू
१० मार्च, सकाळी ८:१५

काकू, केवढं उपयोगी लिहिलंत! लेक पॉइंट कुकलाच आहे. आता भेट पक्की. धरमपेठेचं काय आणू?

—

पॉइंटकुकची_काकू
१० मार्च, सकाळी ९:०२

काही आणू नका, खरंच. दुधाची मिठाई तर नकोच. माझ्या दिरांनी संत्रा बर्फीचे चार डबे आणले होते, विमानतळावर त्यांच्या डोळ्यांदेखत पिंपात गेले. विमानात कार्ड देतात, त्यावर खाण्याचं जे जे आहे ते प्रामाणिकपणे लिहा. लिहिलं की फार तर वस्तू जाते. लपवलं की दंड, आणि तो असा की परत येताना तोंडातून शब्द फुटत नाही.

—

दर्यावर्दी_७
१० मार्च, सकाळी ११:२०

मी रत्नागिरीचा, नोकरीनिमित्त तुमच्या नागपुरात. सर, एक विचारू का, राग मानू नका. समुद्रकडा बघायला दहा हजार किलोमीटर? रत्नदुर्गावर उभे राहा, खाली समुद्र आपटतोय. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर जा, लाटांनी दगडाची चाळण केलेली आहे. समृद्धीनं मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर, पुढे कोकण आपलंच. ३१ वर्षांत तेवढं झालं नाही?

—

फळा_खडू
१० मार्च, दुपारी १२:४५

राग कसला, बरोबर आहे तुमचं. उन्हाळी सुट्टीत पेपर तपासणी, मग घरची लग्नं, मग जनगणना, निवडणूक. मास्तरचा उन्हाळा त्याचा नसतो. पण मुद्दा मान्य.

—

भूस्तर
१० मार्च, रात्री ८:३०

धागा आवडीचा निघाला म्हणून लिहितो. मी निवृत्त भूवैज्ञानिक, मुक्काम सेमिनरी हिल्स.

दर्यावर्दी, हरिहरेश्वर उत्तमच आहे, तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी घासून सपाट केलेला खडक, बघायला तर नंबर एक. भरती-ओहोटी बघून जावं एवढंच, त्या वाटेवर माणसं वाहून गेलेली आहेत. पण कोकणातला कडा जांभ्याचा आणि काळ्या दगडाचा, आणि सरांना हवा आहे चुनखडीचा. दोघांची पडण्याची रीत वेगळी. शिवाय नागपूरकरांना खरं तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे, नकाशावर पट्टी ठेवून बघा. विशाखापट्टणमच्या पुढे मंगमारीपेटाच्या किनाऱ्यावर एक नैसर्गिक कमान आहे. लहान आहे, पण कमान ती कमान.

आता चुनखडी. विदर्भातल्या माणसाला चुनखडी म्हटलं की चंद्रपूर, कोरपना, सिमेंटचे कारखाने आठवतात. ती चुनखडी फार जुनी, दाबली जाऊन टणक झालेली. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, चंद्रपूरची चुनखडी त्याच्याहून कितीतरी आधीची. पोर्ट कॅम्पबेलची चुनखडी मात्र दीड-दोन कोटी वर्षांची, म्हणजे आमच्या हिशेबानं कालची. समुद्रातल्या बारीक जीवांची कवचं, शिंपल्यांचा चुरा तळाशी साचून झालेली. हाताला मऊ लागते. आणि तिच्यासमोर दक्षिण महासागर. तिथून दक्षिणेला थेट अंटार्क्टिका, मध्ये जमीनच नाही. वाऱ्याला अडवायला काही नसल्यानं लाट वाढत वाढत येते आणि या मऊ भिंतीवर फुटते.

लाट नुसती दगड घासत नाही. फटीत शिरताना ती हवा कोंडते, दाबते. लाट मागे हटली की तीच हवा एकदम सुटते. दिवसरात्र हे चाललेलं. त्यामुळे कड्याचा पाया आत खाल्ला जातो, वरचा भाग अधांतरी राहतो आणि एक दिवस अख्खी फोड उभीच्या उभी खाली. म्हणून हे कडे उताराचे नाहीत, सुरीनं कापल्यासारखे उभे आहेत. जमिनीचं नाक समुद्रात घुसलेलं असेल तर लाटा वळून त्याच्या दोन्ही बाजूंना खातात. दोन गुहा पाठीला पाठ लावून वाढतात, मिळाल्या की कमान. छत पडलं की स्तंभ. सरांची आकृती.

सुळक्यांचे पाय वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर झिजतात असं सांगतात. पण झीज हप्त्याहप्त्यानं होत नाही. वर्षानुवर्षं काही नाही आणि मग एका सेकंदात सगळं. ३ जुलै २००५ ला तिथला सुमारे ५० मीटर उंचीचा एक सुळका लोकांच्या डोळ्यांसमोर कोसळला. खाली नुसता ढिगारा उरला. नऊ होते, आठ राहिले.

—

तर्री_मारके
१० मार्च, रात्री ८:४४

मंग बारा कधी होते?

—

भूस्तर
१० मार्च, रात्री ८:५८

कधीच नव्हते. आधीचं नाव तर 'सो अँड पिगलेट्स' असं होतं, म्हणजे डुकरीण आणि तिची पिल्लं. जवळचं मटनबर्ड बेट ही डुकरीण, सुळके ही पिल्लं. पुढे पर्यटक यावेत म्हणून ख्रिस्ताच्या बारा शिष्यांचं भारदस्त नाव दिलं. मोजायला कोण बसलंय?

गंमत म्हणजे किनाऱ्यापासून सहा किलोमीटर आत, ५० मीटर खोल पाण्यात, आणखी पाच सुळके सापडले. २०१६ साली ते जाहीर झालं. समुद्राची पातळी खूप खाली होती तेव्हाचे, बुडाले म्हणून टिकले.

—

तर्री_मारके
१० मार्च, रात्री ९:०१

आठ अन् पाच तेरा. काहीही करा, बारा जमतच नाही बाप्पा.

—

शंकरनगरी
१० मार्च, रात्री ९:३०

तिकडं राष्ट्रीय उद्यान म्हणजे काय हेही सरांनी समजून जावं. मला वाटलं होतं पेंच-ताडोबासारखं गेट असेल, ओळखपत्र, जिप्सी, गाइड. काही नाही. समुद्राला लागून झुडपांचा एक चिंचोळा पट्टा आहे, १९६४ सालापासून संरक्षित. मधूनमधून गाडी लावायची जागा आणि फलक. आम्हाला तिकीटसुद्धा लागलं नाही. मात्र ड्रोन उडवायला परवानगीशिवाय मनाई. आमच्या बसमधल्या एकानं काढला होता, त्याला लगेच आवरायला लावला.

—

पॉइंटकुकची_काकू
११ मार्च, पहाटे ५:१०

एक गोष्ट राहिली, आणि ही गमतीची नाही. कठड्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. फोटोसाठी लोक जातात. वरून जमीन घट्ट दिसते, खाली ती पोकळ असते हे वर भूस्तर काकांनी सांगितलंच आहे. आणि खाली वाळूवर उतरलात तर पाण्याकडे पाठ करायची नाही. २०१९ मध्ये ईस्टरच्या रविवारी इथं शेरब्रुक नदीच्या मुखापाशी एका पर्यटकाला वाचवायला गेलेले दोन स्वयंसेवक जीवरक्षक बुडाले. बाप आणि मुलगा. जन्मभर या समुद्रात वावरलेली माणसं होती ती. पर्यटक वाचला.

आपल्याकडचे पाहुणे गुडघाभर पाण्यात उभं राहून व्हिडिओ कॉल लावतात ना, तेव्हा माझा जीव वरखाली होतो.

—

भूस्तर
११ मार्च, सकाळी ७:४०

सर, तुम्ही सकाळी अंबाझरीला फिरायला येता का? माझ्याकडे ८×४२ ची चांगली दुर्बीण आहे, पक्ष्यांसाठी घेतलेली. घेऊन जा. संध्याकाळी अंधार पडता पडता कड्याखालच्या वाळूवर छोटे पेंग्विन येतात, नुसत्या डोळ्यांनी ठिपके दिसतात.

—

फळा_खडू
११ मार्च, सकाळी ९:३०

येतो. बोट क्लबच्या बाजूला असतो, निळी टोपी. मंडळी, मुक्काम नक्की केला. परत आलो की इथंच लिहीन.

—

तर्री_मारके
२ जून, रात्री ९:१५

काका कुठं गेले? ४५ डिग्रीत आमी भाजून राह्यलो अन् तुमी तिकडं गारव्यात. धागा वर काढून ठेवतो.

—

फळा_खडू
७ जून, दुपारी ४:२०

आलो परवा. जेट लॅग म्हणजे काय ते आता कळलं, रात्री दोनला टक्क जाग आणि दुपारी बाराला जांभया. ते असो. सवडीनं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मेच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. लेक, जावई आणि आम्ही दोघं. ग्रेट ओशन रोडवर ईस्टर्न व्ह्यूपाशी लाकडी कमान आहे, तिथं जावईबापूंनी गाडी थांबवली. हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी बांधला, १९१९ ते १९३२. कुदळ-फावड्यानं, मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून. २४३ किलोमीटर लांबीचं स्मारक. मी एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र बघत होतो आणि सौ. स्पीडोमीटर बघत होती. केनेट नदीपाशी झाडावर कोआला झोपलेला दिसला. वीस तास झोपतो म्हणे. सौ. म्हणाली, तुमच्या स्टाफरूममधले बरे.

संध्याकाळी साडेचारच्या सुमारास अपॉस्टल्सला पोचलो. बोगद्यातून बाहेर आलो तर आधी काही दिसतच नाही, नुसती झुडपं आणि वारा. मग पायवाट वळते.

खरं सांगतो, पहिल्यांदा आवाजच लक्षात राहिला. चित्रांत आवाज नसतो. अजनीच्या यार्डात मालगाडीच्या वाघिणी एकमेकींना धडकतात तेव्हा दुरून येतो तसा, धप्प. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा. तो कानापेक्षा तळपायाला आधी कळत होता. मी कठडा धरून उभा होतो, कठड्यातूनही तो येत होता.

मग सुळके. बेसनवडी कापल्यावर बाजूनं जसे थर दिसतात तसे आडवे थर, एकावर एक. आणि तसेच थर मागच्या कड्यात, त्याच उंचीला, त्याच क्रमानं. मी कड्यावर बोट ठेवून हवेतून रेघ ओढत सुळक्यापर्यंत नेली, थर जुळला. दुसरा ओढला, तोही जुळला. मधला भाग समुद्रानं नेलाय, दोन्हीकडची पानं मात्र शिल्लक आहेत. ३१ वर्षं मी मुलांना सांगितलं की स्तंभ हा मूळ भूभागाचाच अवशेष असतो. वाक्य पाठ होतं. असं जुळवून बघायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कुणाला सांगितलं नाही.

मोजले. मला सात दिसले. सौ.ला आठ. तो आठवा कोणता यावर आमचं झालं. ती म्हणाली तो बुटका धरा. मी म्हणालो तो २००५ मध्ये पडलेल्याचा ढिगारा आहे. ती म्हणाली, "पडला म्हणून काय झालं, आहे ना तिथं?"

साडेपाचच्या पुढे सूर्य गेला. लोक भराभर पार्किंगकडे निघाले, बसवाले तर कधीच गेले होते. आम्ही आठ-दहा जण उरलो. भूस्तर साहेबांची दुर्बीण काढली. बराच वेळ काही नाही. मग पाण्याच्या कडेला काहीतरी काळं हललं. एक लाट आली, ते दिसेनासं झालं. लाट गेली तर पाच-सहा जण वाळूवर उभे. थांबले. जणू कुणीतरी मागे राहिलंय. मग सगळे मिळून लगबगीनं कड्याच्या दिशेनं. सौ.नं दुर्बीण परतच दिली नाही. वारा एवढा की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. लेक म्हणते, "आई, गाडीत बसू या." आई ऐकायलाच तयार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिब्सन स्टेप्स. काकूंनी सांगितल्याप्रमाणे सौ. वर, मी आणि जावई खाली. पायऱ्या कड्यातच कोरलेल्या आहेत, एका बाजूला भिंत. दगड ओला होता, म्हणून मी भिंतीला खेटून, तिचा आधार घेत उतरलो. खालून वर बघितल्यावर माणसाचा आकार कळतो. वर सौ. दिसत होती, तिची लाल शाल नखाएवढी. पाण्याकडे पाठ केली नाही, काकू. पाच मिनिटं थांबलो आणि वर आलो.

तिथून लॉख आर्ड गॉर्ज. दोन्ही बाजूंनी कडे, मध्ये चिंचोळी खाडी, आत शांत वाळू. १ जून १८७८ च्या पहाटे लॉख आर्ड नावाचं इंग्लंडहून आलेलं जहाज मटनबर्ड बेटावर आदळलं. तीन महिने प्रवास करून मेलबर्न हाकेच्या अंतरावर आलं होतं. जहाजावर ५४ माणसं, वाचली दोन. टॉम पिअर्स हा अठरा वर्षांचा उमेदवार खलाशी आणि साधारण त्याच्याच वयाची ईव्हा कारमायकल. टॉम आधी या खाडीत वाहत आला, मग किंकाळी ऐकून परत पाण्यात शिरला आणि तिला ओढून आणलं. गुहेत ठेवलं, वाहत आलेली ब्रँडी पाजली आणि मदत शोधायला हा कडा चढून वर गेला. तो कुठून चढला असेल हे मी बराच वेळ बघत होतो. मला तर कोंबडीला चढता येईल अशीही जागा दिसली नाही. वर त्याला गुराखी भेटले, ते ग्लेनॅम्पल नावाच्या मळ्यावरचे. मळा गिब्सनचा, ज्याचं नाव त्या पायऱ्यांना आहे तोच. ईव्हाचे आईवडील आणि भावंडं त्या जहाजावर होती. पुढे लोकांची फार इच्छा की दोघांनी लग्न करावं. ती आयर्लंडला परत गेली.

खाडीच्या तोंडाशी एक कमान होती. ती २००९ च्या जूनमध्ये पडली, दोन खांब उरले. त्यांना आता टॉम आणि ईव्हा म्हणतात. लोकांनी शेवटी जवळजवळ उभं केलंच.

शेवटी लंडन ब्रिज. मी मुख्यतः यासाठी गेलो होतो. दोन कमानींचा लांबच लांब खडक, एक टोक जमिनीला जोडलेलं, लोक त्यावरून चालत टोकापर्यंत जायचे. १५ जानेवारी १९९० ला जमिनीकडची कमान पडली. तेव्हा पलीकडच्या टोकावर दोन पर्यटक होते. ते काही मिनिटांपूर्वीच त्या कमानीवरून चालत गेले होते. हेलिकॉप्टरनं उतरवावं लागलं. आता तिथं मध्ये पाणी आहे आणि पलीकडे उरलेली एक कमान, समुद्रात एकटी.

माझ्या आकृतीतला तिसरा बाण. फळ्यावर तो काढायला मला अर्धा सेकंद लागायचा आणि मुलांना सांगायचो, बाळांनो, याला हजारो वर्षं लागतात. १९९० ला मी नोकरीत नुकताच लागलो होतो. त्या जानेवारीत मी बहुधा हाच धडा शिकवत असेन.

गाडीत बसताना सौ.नं माझ्या उजव्या बाहीकडे बघितलं. गिब्सन स्टेप्सच्या भिंतीला खेटून उतरलो त्याची खूण, कोपरापासून खांद्यापर्यंत पिवळट पांढरी भुकटी. तिनं झटकायला हात वर केला आणि म्हणाली, "रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी बाही तशीच."

—

पॉइंटकुकची_काकू
७ जून, संध्याकाळी ५:०५

सर, डोळ्यांत पाणी आणलंत. अकरा फेऱ्या झाल्या माझ्या, थर जुळवून बघायचं कधी सुचलं नाही. बाराव्या फेरीला बघेन. सौ.काकूंनी आमच्याकडे केलेल्या गोळाभाताची चव अजून तोंडात आहे.

—

भूस्तर
७ जून, रात्री ८:१०

सुंदर. एक दुरुस्ती, सवयीनं करतो. शाळेतला खडू बहुतेक जिप्समचा असतो, चुनखडीचा नाही. म्हणजे ३१ वर्षं बाहीवर होतं ते वेगळं आणि हे वेगळं. हे खरं.

दर्यावर्दीला सांगा, आता दिवाळीनंतर हरिहरेश्वर. मीही येतो, पण ओहोटी बघून.

—

दर्यावर्दी_७
७ जून, रात्री ८:२६

चला! गाडी माझी. राहायची सोय आमच्या मामांकडे. सर, काकूंना जिने चालणार नाहीत, तिथं पायऱ्या आहेत. आधीच सांगून ठेवतो.

—

तर्री_मारके
७ जून, रात्री ९:००

काका, त्या पोट्ट्याले सांगा ना, ज्यानं विचारलं होतं. कुठं असते तो आता?

—

फळा_खडू
७ जून, रात्री ९:२२

माहीत नाही रे. चेहरा आठवतो, नाव नाही. मागचा बाक, खिडकीकडचा.

भूस्तर साहेब, जिप्समचं मान्य. दुर्बीण उद्या सकाळी अंबाझरीवर आणतो. पुढच्या भिंगाचं एक झाकण मात्र नाही. ते पेंग्विनच्या वेळी वाऱ्यानं नेलं, कठड्यापलीकडे गेलं, म्हणून आणायला गेलो नाही.